आग्नेयेच्या खांबावरचं पाणी

१

आमच्या घरातली सकाळची कामं ठरलेली आहेत. भगवान बुद्धांपुढे ताजा भात आणि पाण्याची वाटी मी ठेवते, बाबांच्या गोळ्या मी काढते आणि शनिवार असला तर आग्नेयेच्या खांबावरचा मालकांचा नारळही मीच हलवून बघते. आई होती तेव्हा हे शेवटचं काम तिचं होतं. ती गेली आणि मला तीन गोष्टी मिळाल्या: तिचं शिवणयंत्र, तिचे दुखरे गुडघे आणि हा नारळ.

आमच्या पखोक्कू गावात असा नारळ घरोघरी असतो. हिरवागार, सालासकट, देठासकट, डोक्याला लाल कापडाचा फेटा बांधलेला. घर राखणारे देव, महागिरी मालक, आगीत जळून गेले, त्यांना गारवा लागतो, म्हणून नारळ. नियम दोनच. आत पाणी हवं आणि वर देठ हवा. पाणी आटलं किंवा देठ गळला की मालक त्यात राहत नाहीत, नवा आणायचा.

तेवढ्यासाठी स्टुलावर चढायचं, नारळ कानाशी हलवायचा, डुबुक वाजलं की उतरायचं. स्टूल माझ्या वजनाखाली जे काही बोलतं ते मी इथे लिहीत नाही. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, मलाही मन आहे.

आषाढी पौर्णिमेला नवा नारळ टांगला होता. तिसऱ्या शनिवारी मी तो हलवला तर वाजलाच नाही.

आटला वाटतं, म्हणून मी तो काढायला गेले. पण आटलेला नारळ हलका लागतो, आणि हा दोन हातांनी धरावा लागला. काठोकाठ भरलेला नारळही वाजत नाही, हे मला माहीत आहे. पण नारळ झाडावर भरतो. घरात टांगल्यावर भरलेला मी तरी कधी ऐकला नव्हता.

२

आमचे बाबा म्हणजे ऊ फो ल्हा. चाळीस वर्षं लोहारकाम केलं. इरावतीच्या या काठावरच्या निम्म्या बैलगाड्यांच्या चाकांवर त्यांच्या हातच्या लोखंडी धावा आहेत. पावसाळ्याच्या तोंडी त्यांचे पाय सुजले. आधी चपला होईनात, मग धाप लागायला लागली.

दवाखान्यातली डॉक्टरीण कोवळी पोर होती, गालांना अजून घरचं चंदन लावून आलेली. तिने बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, मळलेल्या पिठात बोट रुतवावं तसा. मग सावकाश भरून आला.

"काका, तुमचं हृदय पाणी उपसायला कमी पडतंय," ती म्हणाली. "दिवसाला एक लिटर पाणी. मीठ बंद. रोज सकाळी वजन करायचं."

"एक लिटर?" बाबा म्हणाले. "बाळ, तेवढा तर मी भट्टीपुढे घाम गाळायचो."

"गाळायचात ना? मग आता पिऊ नका," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "आज साडेएकसष्ट किलो आहेत. छप्पन्नवर आले तर बरं. नाहीतर ते पाणी फुप्फुसात चढेल. मग माझ्या हातात काही नाही, ताई."

तिने वजनाचा काटा दिला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी लघवी होईल आणि सूज उतरेल, म्हणाली. मी रोज भिंतीवर खडूने वजन लिहायला लागले. वजन उतरत होतं. फक्त एक होतं. बाबांचं भांडं मीच रिकामं करायची, आणि त्यात दिवसभरात पेलाभरसुद्धा निघत नव्हतं.

३

मला एक वाईट खोड आहे. शिंपीण असल्यामुळे असेल, पण दिसेल ते मी मोजते. विहारात गेले तरी भिक्खूंच्या चीवराला किती वार लागले असतील ते माझ्या मनात चालू असतं.

बाबांचा जुना टांगता काटा भट्टीतल्या सामानात पडला होता, लोखंड तोलायचा. तो पुसला, खांबाच्या खुंटीला अडकवला, मालकांची हात जोडून माफी मागितली आणि त्यांना तोललं.

तीन किलो सहाशे.

मी त्या सकाळचं बाबांचं वजन बघितलं. एकोणसाठ सहाशे. बेरीज केली, त्रेसष्ट दोनशे. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. बेरीज करून ठेवायची म्हणून केली.

पुढच्या शनिवारी नारळ चार नऊशे भरला. बाबा अठ्ठावन्न तीनशे.

त्रेसष्ट दोनशे.

मी खाली उतरून शिवणयंत्रापुढे बसले आणि एका बाईच्या पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

काटा गंजलाय, असं म्हणून पाहिलं. म्हणून तांदळाची एक किलोची पिशवी अडकवली. बरोबर एक किलो. हवा दमट आहे, साल पाणी ओढत असेल, असंही म्हटलं. तर मग साल बरोबर तेवढंच ओढेल जेवढं बाबा सोडतात? शाळेत माझं गणित कच्चं होतं, पण इतकंही नाही.

दवाखान्यात पहिल्या दिवशी साडेएकसष्ट होते. ते त्रेसष्ट दोनशेतून वजा केले. एक किलो सातशे. बाजारातून आणलेला ताजा नारळ तेवढाच असतो.

४

"तुमच्या मालकांचा फेटा ओला दिसतोय गं," शेजारच्या ओन चि मावशी म्हणाल्या. या मोगऱ्याचे गजरे विकतात आणि दुपारी पाय मोकळे करायला म्हणून आमच्याकडे येऊन पाय पसरून बसतात.

"छप्पर गळत असेल, मावशी."

"पाऊस कुठेय? चार दिवस झाले ढग नुसते तोंड दाखवून जातायत, जावयासारखे."

त्या गेल्यावर मी स्टूल घेतलं. फेटा खरंच ओला होता. सोडला तर कापड गरम लागलं, आजारी माणसाच्या उशीसारखं. कोरडं कापड बांधताना माझा अंगठा सालावर दाबला गेला.

नारळाचं साल कडक असतं. तुम्हालाही माहीत आहे.

मी अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. मी बघत उभी होते. तो हळूहळू, अगदी सावकाश भरून आला.

घाबरायला हवं होतं मी. पण खरं सांगते, पहिल्यांदा मला काय वाटलं? पुन्हा एकदा दाबून बघावं. आणि मी दाबलं. तीनदा. तिसऱ्यांदा खळगा मी अंगठा उचलायच्या आतच भरायला लागला. माझा अंगठा त्याने आतून बाहेर ढकलला.

मग मात्र स्टुलावरून मी ज्या वेगाने उतरले तो माझ्या गुडघ्यांना आजतागायत मान्य नाही.

५

भाद्रपदात बाबा छप्पन्नवर आले. छप्पन्न शंभर. नारळ सात शंभर. चपला पायात गेल्या. बाबा अंगणात उभं राहून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची गाडी कुठे खुळखुळते ते सांगायला लागले.

"नशीबवान आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या गोळ्या सगळ्यांना इतक्या लागू पडत नाहीत."

तिला सांगणार काय? तिने मलाही गोळ्या दिल्या असत्या, निराळ्या.

आता थांबेल, असं मी धरून चालले होते. जेवढं जास्त होतं तेवढं मालकांनी घेतलं, काम झालं. पण पुढच्या आठवड्यात बाबा जिथल्या तिथे आणि नारळ सात सातशे.

सहाशे जास्त. कुठून आले?

मी बाबांच्या वजनकाट्याकडे बघितलं. इतके दिवस मी त्यावर कधी चढले नव्हते. तो पेशंटचा आहे, असं सगळ्यांना सांगत आले होते. दार लावून घेतलं आणि चढले. सत्तर दोनशे. झालं, सांगून टाकला आकडा. दुसऱ्या दिवशी एकोणसत्तर सातशे, आणि नारळ आठ दोनशे.

आठवडाभर मी खूश होते, खोटं कशाला बोलू? पंधरा वर्षं भात कमी करून जे झालं नाही ते यंत्रापुढे बसून होत होतं.

"न्वे न्वे, लग्नबिग्न ठरलं की काय?" ओन चि मावशींनी हनुवटी धरून विचारलं. "गाल कुठे गेले तुझे?"

"नवऱ्यामुलाने मागितले, मावशी. देऊन टाकले."

मग जीभ टाळूला चिकटायला लागली. दिवसाला पाच-सहा तांबे पाणी प्यायचे तरी ओठ सोललेले. दोरा ओवायला तोंडात धरायचे तर तो ओला होत नव्हता. रडू आलं एकदा, आईच्या आठवणीने, तर डोळे नुसते जळले.

६

देठ तुटला तो भर दुपारी. मी खांबाखालीच बसून काज करत होते. वर कट् असा आवाज झाला आणि नारळ माझ्या मांडीत आला. लागलं नाही. कुणी अलगद ठेवावा तसा आला, आणि झोपलेल्या मुलाइतका जड आणि ऊबदार होता.

मी हलले नाही. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

टक.

आवाज नारळातून आला. थोड्या वेळाने पुन्हा, टक टक. बाजारात आम्ही फळ घेताना नखाने टिचकी मारून बघतो ना, किती भरलंय ते, तशी. फक्त ही टिचकी आतून होती. आत बसून कोणीतरी बाहेर किती उरलंय ते बघत होतं.

त्या दिवशी आधी मी नियमाप्रमाणेच वागले. देठ तुटला म्हणजे मालक गेले. नारळ चटईवर ठेवला, बाजारात जाऊन देठ नीट बघून नवा आणला. दीड तास लागला असेल.

आले तर बाबा पायरीवर बसून होते आणि त्यांच्या चपला बाजूला काढलेल्या होत्या.

"होत नाहीयेत गं," ते म्हणाले. मधेमधे श्वास घेत.

मी त्यांना काट्यावर उभं केलं. सत्तावन्न चारशे. सकाळी छप्पन्न होते. पाण्याचा तांब्या मी सकाळी भरून ठेवला होता तसाच होता, त्यातला थेंब हलला नव्हता. मी चटईवरचा नारळ तोलला. तो चौदाशे ग्रॅमने उतरला होता.

घरात दुसरं कोणी असतं तर मी विचारलं असतं, काय करू? कोणी नव्हतं. मी मोटरसायकलला सामान बांधायचा नायलॉनचा दोर घेतला, त्या बिनदेठाच्या नारळाला आडवा-उभा गुंडाळला आणि पुन्हा खांबावर चढवला. संध्याकाळच्या जेवणापर्यंत बाबांच्या चपला त्यांच्या पायात होत्या.

नवा नारळ माझ्या पलंगाखाली आहे. देठ असलेला, फेटा बांधलेला. तो मी टांगलेला नाही.

बिनदेठाच्या नारळात मालक राहत नाहीत. हे आमच्याकडे चार वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. मग आत कोण आहे? सकाळी हात जोडते तेव्हा मी नाव घेत नाही. नुसती म्हणते, तुम्ही.

७

माझं वजन बासष्टवर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, तू दाखव एकदा डॉक्टरीणबाईंना."

"मला काय झालंय? तब्येत कमावतेय."

ते वर बघत नाहीत. खांबाच्या त्या बाजूला त्यांची नजर जातच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नारळाला मी घरात एकटी कमी पडते, हे उघड होतं. उपायही समोरच बसला होता, पाय पसरून. ओन चि मावशी दोन तास बसून गेल्या त्या दिवशी मी ग्रॅमभरही उतरले नव्हते. उठताना त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बसलं की घशाला कोरड पडते बाई." मी त्यांना दोन पेले पाणी दिलं. ते पिऊन त्या गेल्या. त्यांना काय झालं? काही नाही.

तशी मी माणूसघाणी म्हणून प्रसिद्ध. आता गल्लीभर निरोप पाठवले, या बसायला. मुरवलेल्या चहाच्या पानांचं लफे कालवायचे, तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ. हिरव्या चहाची किटली सतत भरलेली. चटई बरोबर खांबाखाली. बायका यायच्या, कुणाची सून कशी, कुणाचा मुलगा मलेशियातून पैसे पाठवत नाही, सगळं व्हायचं. पाचजणी मिळून सहाशे ग्रॅम. एकीच्या वाट्याला भांडंभर पाणी, ते त्या चहातून परत घेऊन जायच्या. चोरी म्हणाल तर चोरी, पण चोरलेलं मी त्या उठायच्या आत कपात भरून देत होते.

"न्वे न्वेला माणसं लागायला लागली हो," बायका म्हणायच्या. "वयच तसं आहे."

मी हसायची. ओठ फुटायचे हसताना.

तान्ही मुलं मात्र मी घरात येऊ देत नाही. सुया पडलेल्या असतात, म्हणून सांगते. एवढं मला कळतं.

८

काल ओन चि मावशींची सून सू लाइन आली. काखेत चार महिन्यांचं पोर.

"सासूबाई म्हणाल्या, इथलं लफे खाल्ल्याशिवाय बाळंतीण उठत नाही," ती हसत म्हणाली आणि पायरीवर पाऊल ठेवलं.

"थांब, आत सुया आहेत!" मी तिच्या हातून बाळ जवळजवळ ओढूनच घेतलं. "तू बस आत, खा निवांत. याला मी बाहेर खेळवते."

आत सगळ्या जमल्या होत्या. बाबाही त्यांच्यात जाऊन बसले होते, कुठल्यातरी जुन्या गाडीवानाची नक्कल करत होते. बायका खिदळत होत्या. मी बाळाला घेऊन अंगणात चिंचेखाली उभी राहिले. गोरंगोमटं, जड, दुधाचा वास येणारं पोर. माझ्या बटणाशी खेळत होतं.

टक.

बाळाने मान घराकडे वळवली.

टक टक.

बाळ हसलं. ओळखीच्या माणसाकडे बघून हसतं तसं. आणि मग त्याने जीभ बाहेर काढून ओठ चाटले.

मी दहा पावलं मागे गेले, फाटकापर्यंत. त्याने पुन्हा ओठ चाटले. मी रस्ता ओलांडला, पलीकडच्या सायकलवाल्याच्या भिंतीला टेकले. बाळ आता तोंड उघडून माझ्या दंडावर चोखायला लागलं होतं. त्याच्या टाळूवर, जिथे मऊ असतं तिथे, मी तळहात ठेवला. तिथे खळगा होता. मी घेतलं तेव्हा नव्हता.

ते रडायला लागलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

सू लाइन धावत बाहेर आली. "अगंबाई, भूक लागली? आत्ता निघताना तर पाजलंय याला, पोटभर!"

"घेऊन जा," मी म्हटलं. "लांब जा. घाटावर जा, माहेरी जा, कुठेही. पाजत जा वाटेने. सासूबाईंना मी सांगते."

 तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, बाळ घेतलं आणि निघाली. वळणापर्यंत रडणं ऐकू येत होतं. वळणापलीकडे थांबलं. मी कान देऊन ऐकलं, पाजल्याचा आवाज यावा म्हणून. तेवढ्या लांबून तो कसला येणार.

आतून बाबांचं हसणं येत होतं. धाप न लागता. किती महिन्यांनी असं मोकळं हसत होते. मी ते थोडा वेळ ऐकलं. अगदी थोडा वेळ. मग पायऱ्या चढले. बायकांना म्हटलं, आज पुरे, मला बरं वाटत नाहीये. ओन चि मावशींनी माझ्या कपाळाला हात लावला, झटकन काढला आणि सगळ्यांना घेऊन गेल्या.

बाबा चटईवर एकटे राहिले. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. बारीक, सुकलेले, सगळ्या शिरा दिसणारे, चांगले पाय.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचा कोयता कुठे आहे?"

पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि खांबावरच्या दोराकडे बघितलं.

"उशाशी," ते म्हणाले. "आठ दिवस झाले धार लावून ठेवलाय. म्हटलं, पोरगी विचारेल तेव्हा द्यावा."